गल्ल्यातलं विचित्र नाणं: टांकसाळीची चूक की नंतरची मोडतोड?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानदाराचा प्रश्न आहे. गल्ल्यातली तीन नाणी त्यांनी बाजूला काढून ठेवली आहेत. पहिलं १९९९ चं ५ रुपयांचं जाड नाणं. त्यावर सालाचे आकडे दोनदा छापल्यासारखे दिसतात. दुसरं भारताच्या नकाशाचं २ रुपयांचं नाणं. उलटवलं की मागची बाजू आडवी येते. तिसरं १० रुपयांचं. त्यातली मधली चकती एका अंगाला सरकली आहे. व्हिडिओत अशा नाण्यांना लाखो रुपये मिळतात म्हणतात, तर ही खरी ‘एरर’ आहेत का, आणि विकायची कुठे?

विक्रीचं नंतर बघू. आधी काय शोधायचं ते ठरवू. दहा वर्षं बाजारात फिरलेलं कुठलंही नाणं काही ना काही वेगळं दिसतंच. ते वेगळेपण टांकसाळीत आलं की नाणं बाहेर पडल्यावर कुणी ठोकलं, घासलं, तापवलं, हे पहिल्यांदा ठरवायचं. टांकसाळीतलं असेल तर त्या एकाच ठोक्यापुरतं होतं की डायमध्येच, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या पोलादी साच्यातच होतं, हा पुढचा प्रश्न. भाव या दोन उत्तरांनंतर येतो.

कोल्हापूरकराला हे समजायला जड जाऊ नये, उद्यमनगरच्या कारखान्यांत प्रेस आणि डाय रोजच्या पाहण्यातले आहेत. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, मग त्यांची कड दाबून उचलतात. शेवटी चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते आणि वरून-खालून दोन डाय एकाच वेळी दाबतात. त्या दाबाने धातू पसरतो, डायच्या खोलगट भागात चढतो आणि कॉलरला भिडून थांबतो. व्यास कॉलर ठरवतं, कडेवरच्या उभ्या रेघाही तिथेच उमटतात. म्हणून खरी चूक चकतीची, डायची किंवा ठोक्याची, या तीनपैकी एक असते. समोरच्या नाण्यात कोणत्या पायरीवर काय बिघडलं, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर त्याला ‘एरर’ म्हणायची घाई करू नये.

साधनं फार लागत नाहीत. गुजरीत सराफ डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर, छोटं चुंबक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच साली त्याच टांकसाळीत पडलेलं एक साधं, चांगलं नाणं. शेजारी तुलनेचं नाणं नसेल तर अर्ध्या ‘चुका’ आपल्याच डोळ्यांनी तयार केलेल्या असतात.

वजन आणि धातू आधी तपासा. १९९२ ते २००४ मधला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम आणि २५ मिमी. हा चुंबकाला चिकटतो. त्याच काळातलं अकरा कोनांचं २ रुपयांचं नाणं ६ ग्रॅम, २६ मिमी, आणि ५ रुपयांचं जाड नाणं ९ ग्रॅम, २३ मिमी. ही दोन्ही तांबं-निकेलची, चुंबकाला दाद देत नाहीत. २०११ पासूनचं १० रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅम आणि २७ मिमी. वापरून झिजलेलं नाणं काही शतांश ग्रॅमने हलकं भरलं तर विशेष नाही. पण २ रुपयांचा ठसा असलेलं नाणं ४.८५ ग्रॅम भरलं तर आधी साल बघा, कारण २००५ पासून ते नाणं स्टीलचंच झालं आणि २०११ पासून वजनही ४.८५ ग्रॅमवर आलं. साल १९९८ आहे, वजन ४.८५ आहे आणि चुंबकही चिकटतंय, तर मात्र मान वर करून बघण्यासारखं आहे: रुपयाची चकती २ रुपयांच्या डायखाली गेली असण्याची शक्यता. ५ रुपयांचंही तसंच. २००७ च्या सुमाराची स्टीलची नाणी ६ ग्रॅमची आहेत आणि चिकटतात. ते पाहून नाचू नका.

आता आकडे दोनदा दिसण्याबद्दल. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोनदा दिसण्याची कारणं मुख्यतः तीन. पहिलं, डाय तयार करतानाच चित्र दोनदा उमटलेलं असणं. मूळ उठावाचा ठसा डायच्या पोलादात दाबतात. जुन्या पद्धतीत तो एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागे, आणि मधल्या वेळेत किंचित सरकला की डायवरच आकडे दुहेरी होत. त्या डायमधून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तेच दुहेरीपण येतं. भिंगातून पाहिलं तर दोन्ही प्रतिमा गोलसर आणि जवळपास सारख्या उंचीच्या दिसतात. आकड्याच्या टोकाशी, जिथे दोन रेघा वेगळ्या होतात, तिथे छोटी खाच असते, आणि आकडा एकूण जाड झालेला असतो.

दुसरं, ठोका पडल्यावर सैल बसलेली डाय थरथरणं. डाय मागे जाताना ताज्या अक्षराच्या कडेला घसटते आणि तिथला धातू चेपून सपाट पायरी करते. ही पायरी खाली, जवळजवळ पृष्ठभागाच्या पातळीला असते, चकचकीत असते, आणि मुख्य म्हणजे मूळ आकडा त्यामुळे बारीक होतो. आकडा जाड झाला की बारीक झाला, हा एक प्रश्न विचारला तरी बहुतेक वेळा निकाल लागतो. याला यंत्राचं दुहेरीपण म्हणतात. ते फार सर्रास आढळतं, आणि संग्राहक त्यासाठी जादा पैसे मोजत नाहीत.

तिसरं, डाय म्हातारी होणं. हजारो ठोक्यांनंतर डायमधली अक्षरं कडेच्या दिशेने पसरतात, सावली पडल्यासारखी अंधुक दुसरी रेघ येते, आणि मोकळ्या पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा दिसतो. स्टील कठीण, त्यामुळे स्टीलच्या रुपयावर हे भरपूर सापडतं.

तुमच्या ५ रुपयांच्या नाण्याचा फोटो एका बाजूने उजेड पाडून काढा आणि खालची प्रतिमा पायरीसारखी सपाट आहे का ते पाहा. वर्णनावरून यंत्राचं दुहेरीपण वाटतं, पण नक्की फोटोवरच ठरेल. खरी दुहेरी डाय असेल तर एक पुरावा आणखी हवा: त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं, हुबेहूब तेच दुहेरीपण असलेलं दुसरं नाणं. डायमधली गोष्ट पुन्हा पुन्हा येते आणि ठोक्यातली चूक एकदाच. डायचा प्रकार आणि एखाद्याच नाण्याची चूक यांतला फरक हाच.

याच ओघात एक नियम सांगतो, तो पाठ असावा. डाय उलटी असते. डायला तडा गेला, ओरखडा पडला किंवा तुकडा उडाला की नाण्यावर तिथे उंचवटा येतो. म्हणजे उठलेली बारीक रेघ डायच्या तड्याची असू शकते, आणि कडेला चिकटलेला बिनचित्राचा उंच गठ्ठा म्हणजे डायचा काठ तुटल्याची खूण. खोल गेलेली रेघ मात्र बहुधा नंतरचा ओरखडा. अपवाद म्हणजे डाय आणि चकती यांच्यामध्ये तार, दोरा किंवा कापडाचा तुकडा आला तर. तेव्हा त्या वस्तूचा आकार नाण्यात खोल उमटतो, पण त्या खड्ड्याचे काठ गुळगुळीत असतात आणि आजूबाजूला उचकटलेला धातू नसतो. ओरखड्याच्या दोन्ही काठांना धातूची बारीक वरंबी असते, ती नखाला लागते. अक्षरच गायब असेल तर डायमध्ये ग्रीस साचलं होतं का ते बघा. तसं असेल तर अक्षर अर्धवट, विरत गेलेलं दिसतं आणि आजूबाजूचा पृष्ठभाग अगदी साबूत असतो. घासून काढलेल्या अक्षराच्या जागी पृष्ठभाग खोलगट होतो आणि चमक वेगळी पडते.

२ रुपयांचं नाणं. आपल्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांत दोन्ही बाजूंचं डोकं एकाच दिशेला असतं. सिंहाची बाजू सरळ धरा, वर आणि खाली दोन बोटांत नाणं पकडा आणि पुस्तकाचं पान उलटल्यासारखं फिरवा. नकाशा सरळच दिसायला हवा. पुष्कळ जण नाणं खालून वर उलटतात आणि मागची बाजू उलटी दिसली म्हणून घाबरतात; तसं केलं तर प्रत्येक नाणं उलटंच दिसणार. तुमचं नाणं योग्य पद्धतीनेही आडवं येत असेल तर एक डाय प्रेसमध्ये सैल होऊन ९० अंशांच्या आसपास फिरली होती. ही खरी चूक. ती नकली करणं सोपं नसतं, कारण दोन्ही बाजू एकाच धातूत असतात. अकरा कोनांचा इथे एक फायदाही आहे: साध्या नाण्याशी तुलना करून चित्र कोपऱ्यांच्या संदर्भात कुठे बसलंय ते पाहिलं की दोनपैकी कोणती डाय हलली ते कळतं. १५-२० अंशांपर्यंतच्या फिरण्याला मी मोजत नाही, तेवढं सर्रास असतं. ९० चांगलं, १८० ला सर्वांत जास्त मागणी. डाय हळूहळू फिरत जाते, त्यामुळे एकाच बॅचची वेगवेगळ्या अंशांची नाणी मिळू शकतात. गल्ल्यातली त्याच सालाची बाकीचीही एकदा फिरवून बघा.

१० रुपयांच्या नाण्यात बाहेरचं कडं आणि आतली चकती वेगळ्या धातूंची. ठोका पडण्याच्या क्षणी आतली पसरून बाहेरच्या कड्यात घट्ट बसते. चित्र मात्र एकाच डायवर कोरलेलं असतं, आतलं आणि बाहेरचं मिळून. तपासाची सगळी भिस्त यावर आहे. चकती आधीच सरकलेली असताना ठोका पडला असेल तर चित्र बाहेरच्या कडेच्या संदर्भात मधोमधच राहील; सरकलेला दिसेल तो फक्त दोन धातूंमधला सांधा. काही ठिकाणी आतलं चित्र सांधा ओलांडून कड्यावर चढलेलंही दिसेल. पण आतलं चित्रच चकतीबरोबर सरकलेलं किंवा बाहेरच्या अक्षरांच्या मानाने वळलेलं असेल, तर चकती नंतर कुणीतरी ठोकून काढली आणि पुन्हा बसवली. डायला ते करताच येत नाही. अशा नाण्याच्या सांध्यात फट असते, काठाला पकडीच्या किंवा पंचच्या खुणा असतात, आणि टेबलावर टाकलं तर आवाज बद्द येतो. उत्सुकतेपोटी स्वतः चकती काढून बघू नका. नाणं नष्ट करायला २०११ च्या नाणे कायद्याने बंदी आहे, आणि त्यात बघण्यासारखंही काही नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे हाताला लागतील अशा काही गोष्टी. ऑफ सेंटर, म्हणजे चकती कॉलरमध्ये नीट न बसता ठोका पडलेलं नाणं. चित्र एका बाजूला आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर. साल आणि टांकसाळीची खूण दोन्ही दिसत असतील तर किंमत वाढते. चकती कापताना पंच आधीच्या भोकावर चढला की एका बाजूला गोलाकार चावा निघतो. अशा चाव्याच्या बरोबर समोरची कड अशक्त, पातळ असते, कारण कड उचलताना तिथे दाब मिळालेला नसतो. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि चाव्याजवळची अक्षरं धारदार तुटलेली दिसतात. खऱ्यात ती चाव्याकडे ओढल्यासारखी बसकी होतात.

मग ‘लखी’. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली गेली की नव्या नाण्याच्या एका बाजूला सरळ चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोल गेलेलं. संग्राहक याच्या मागे लागतात, म्हणून नकलाही होतात. दोन नाणी व्हाइसमध्ये दाबली तरी एकाचं चित्र दुसऱ्यावर उलटं उमटतं, पण खाली मूळ चित्राचे अवशेष राहतात आणि दुसऱ्या बाजूची नक्षी चेपून सपाट होते. खऱ्या लखीत उलट्या चित्राखाली दुसरं काही नसतं. दोन्ही बाजूंना सिंह असलेलं नाणं कुणी दाखवलं तर आतल्या काठाशी भिंग लावा. लेथवर एक नाणं पोखरून त्यात दुसरं पातळ करून बसवलेलं असतं, आणि गोल सांधा काठाच्या आतल्या बाजूला लपवलेला असतो. वजनही सहसा चुकतं.

पंचगंगेच्या पात्रातून काढलेली नाणी फुगलेली, खड्डे पडलेली किंवा पातळ झालेली असतात. ॲसिडमध्ये बुडवलेलं नाणं सगळीकडून सारखं बारीक होतं आणि हलकं भरतं. या दोन्हींना ‘पातळ चकतीची एरर’ म्हणून विकणारे भेटतील.

काही गोष्टी चूकही नसतात आणि दुर्मीळही नसतात. सालाखाली हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. म्हणून ‘टांकसाळीची खूण नसलेलं दुर्मीळ नाणं’ हे नव्वद टक्के वेळा कोलकात्याचं साधं नाणं असतं. मुंबईच्या डायमधला हिरा ग्रीसने भरला असं कुणाचं म्हणणं असेल तर त्याला दुसरा पुरावा द्यावा लागेल, उदाहरणार्थ भिंगाखाली दिसणारा हिऱ्याचा अस्पष्ट उंचवटा. १९८५ च्या रुपयावर ‘एच’, किंवा नव्वदीच्या अखेरच्या नाण्यांवर ‘एमके’, ‘एमएमडी’ अशी अक्षरं दिसली तर ती अनुक्रमे बर्मिंगहॅम, क्रेमनित्सा (स्लोव्हाकिया) आणि मॉस्को इथे पाडून आणलेली नाणी आहेत. १० रुपयांच्या नाण्यावर ₹ चिन्ह नाही म्हणून ते खोटं, असं म्हणत काही दुकानदार ते नाकारतात; रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये १४ वेगवेगळे नमुने वैध असल्याचं जाहीर केलं आहे. नमुना बदलणं वेगळं, चूक वेगळी.

जुन्या नाण्यांत डायचा अभ्यास जास्त रंगतो. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे बरीच वर्षं तसंच ठेवलं गेलं, १८७४ पासून पुन्हा खरं साल आलं. मधल्या काळातल्या मुंबईच्या रुपयांवर ठिपक्यांची मांडणी बदलत गेली आणि संग्राहक ती मोजत बसतात. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ मध्ये डाय बदलली. हे ठरवून केलेले बदल आहेत, तरी त्यांना भाव आहे.

शिवराई हाताशी आली तर टांकसाळीच्या चुकांची ही सगळी फूटपट्टी बाजूला ठेवा. हाताने ठोकलेल्या त्या तांब्याच्या पैशात डाय चकतीपेक्षा मोठी असे, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ मधली अक्षरं कापली जाणं हाच नियम. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई हा डायचा प्रकार आहे, ऑफ सेंटर शिवराई ही चूक नव्हे.

आणि दुहेरी ठशाचं सगळ्यात मोलाचं उदाहरण कोल्हापूरच्याच मातीतलं आहे. इथे सापडलेल्या, सातवाहनकाळातल्या, धनुष्यबाणाचं चित्र असलेल्या शिशाच्या नाण्यांवर तीन राजांची नावं येतात: वासिठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र सिवलकुर आणि गोतमीपुत्र विळिवायकुर. शिलालेखात त्यांचा क्रम नाही. पण सिवलकुरने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा मारला, आणि गोतमीपुत्राने दोघांच्याही नाण्यांवर. खाली कुणाची अक्षरं आणि वर कुणाची हे वाचून अभ्यासकांनी तिघांचा क्रम लावला. म्हणून जुन्या नाण्यावर ठशाखाली ठसा दिसला तर ते ‘खराब’ समजून घासू नका.

आता भाव. मागणी किती, साल कोणतं, चूक किती ठळक आणि नाणं किती कोरं यावर सगळं अवलंबून आहे, त्यामुळे न बघता आकडा सांगणं बरोबर नाही. तुमच्या तिघांत २ रुपयांच्या नाण्याला दर्शनी किमतीपेक्षा जास्त मिळेल, पण व्हिडिओतले लाख विसरा. १० रुपयांचं वरच्या कसोटीला उतरलं तर त्याला २ रुपयांच्या नाण्याहून बरं गिऱ्हाईक मिळेल. ५ रुपयांचं बहुतेक पाचच रुपयांचं. विकायचं तर नाणी-प्रदर्शनात दोन-तीन व्यापाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवून किंवा नावाजलेल्या लिलावगृहामार्फत. ‘नोंदणी फी’, ‘कमिशन’ किंवा ‘टॅक्स’ म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

तोवर नाणी चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट कशानेही घासू नका. मूळ चमक गेली की खऱ्या एररचाही भाव पडतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं तर काही वर्षांत हिरवा चिकट थर येतो, म्हणून स्टेपल करून बंद करायच्या पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवा, आणि स्टेपलरच्या पिना पकडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात. फोटो पाठवताना दोन्ही बाजू, कड, काट्यावरचं वजन आणि शेजारी साधं नाणं असे पाच फोटो पाठवा. फ्लॅश बंद ठेवून, एकाच दिव्याचा तिरपा उजेड पाडून.